लेव्हलवाइंड

लेव्हलवाइंड ही गळाने मासेमारी करण्याच्या रिळावर दोरी सारखी पसरून गुंडाळली जावी यासाठी बसवलेली यांत्रिक व्यवस्था आहे. रिळाची मूठ फिरवली की स्पूलच्या पुढे असलेली एक लहान कडी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आपोआप सरकत राहते. दोरी या कडीतून जात असल्याने ती स्पूलच्या पूर्ण रुंदीवर एकसमान थरांत बसते. आडव्या अक्षावर फिरणाऱ्या स्पूलच्या रिळांत, म्हणजेच बेटकास्टिंग व ट्रोलिंग प्रकारच्या रिळांत, ही व्यवस्था आढळते.

ही व्यवस्था नसलेल्या रिळात दोरी अंगठ्याने इकडेतिकडे वळवावी लागते. पतंगाचा मांजा फिरकीवर गुंडाळताना फिरकी तिरकी करून मांजा दोन्ही बाजूंना पसरवला जातो, तोच हा प्रकार आहे. दोरी एकाच जागी साचली तर तिचा उंचवटा तयार होतो, तो कोसळून वेढे एकमेकांखाली अडकतात आणि पुढच्या फेकीत गुंता होतो. मोठा मासा दोरी ओढत असताना असा अडकलेला वेढा आला तर दोरी तुटते. लेव्हलवाइंडचे बहुतेक बिघाड कचरा, सुकलेले वंगण किंवा झिजलेला पॉल या तीन कारणांनी होतात आणि साध्या अवजारांनी दुरुस्त करता येतात.

## रचना

लेव्हलवाइंडचे भाग थोडे व लहान असतात. वेगवेगळ्या उत्पादकांच्या रिळांत त्यांचे आकार निराळे असले तरी कार्य सारखेच असते.

* मळसूत्री दांडा: यास वर्म शाफ्ट असेही म्हणतात. याच्या पृष्ठभागावर एक उजवा आणि एक डावा असे दोन सर्पिल चर कोरलेले असतात. ते एकमेकांना छेदत जातात व दोन्ही टोकांना वळणाने जोडलेले असतात. त्यामुळे दोन दिसणारे चर प्रत्यक्षात एकच अखंड वाट असते.
* पॉल: हा धातूचा छोटा खुंटा असतो. त्याचे एक टोक चंद्रकोरीसारखे पातळ असून ते चरात बसते. दुसरे टोक गोल असते, त्यामुळे पॉल आपल्या खोबणीत स्वतःभोवती मोकळेपणाने फिरू शकतो.
* पॉलचे टोपण: पॉलला चरात धरून ठेवणारे आट्यांचे झाकण. काही रिळांत त्याखाली एक-दोन पातळ वॉशर असतात.
* मार्गदर्शक कडी: दोरी जिच्यातून जाते ती कडी. हिच्या आतील अस्तर सिरॅमिकचे किंवा कठीण धातूचे असते. पॉल हिच्याच बुडाशी बसलेला असतो.
* मार्गदर्शक सळई: मळसूत्री दांड्याला समांतर असलेली गुळगुळीत सळई. ती कडीला दांड्याभोवती फिरू देत नाही, फक्त सरकू देते. काही रिळांत सळईऐवजी दांड्याभोवतीची फटीची नळी हे काम करते.
* दंतचक्रे: स्पूलचे किंवा मुठीच्या अक्षाचे फिरणे दांड्यापर्यंत पोहोचवणारी चाके. ती बहुधा नायलॉनसारख्या प्लॅस्टिकची असतात.
* बुश किंवा बेअरिंग, वॉशर व क्लिप: दांड्याची टोके आधारून धरणारे आणि त्याला जागेवर ठेवणारे भाग.

## कार्यपद्धती

मूठ फिरत असताना मळसूत्री दांडा एकाच दिशेने फिरतो. पॉलचे टोक चरात अडकलेले असल्याने चर त्याला बाजूला ढकलतो आणि पॉलबरोबर कडीही सरकते. दोन चर जेथे एकमेकांना छेदतात तेथे पॉल भरकटत नाही, कारण त्याचे कोरीच्या आकाराचे टोक लांबट असते. छेदावरची मोकळी जागा ओलांडेपर्यंत टोकाचा काही भाग मूळ चरातच असतो. चराच्या शेवटी वळण आले की पॉल स्वतःभोवती फिरतो, उलट दिशेच्या चरात शिरतो आणि कडीचा परतीचा प्रवास सुरू होतो. दांड्याची दिशा न बदलता हालचालीची दिशा बदलणे हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

वेढ्यांमधील अंतर हे चराचा पिच आणि दंतचक्रांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, चराचा पिच ६ मिलिमीटर आणि कडीचा प्रवास २४ मिलिमीटर असल्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास दांड्याचे ४ फेरे लागतात. स्पूलच्या ३ फेऱ्यांमागे दांडा एकदा फिरत असेल तर तेवढ्या अवधीत स्पूलवर १२ वेढे बसतात, म्हणजे लगतच्या वेढ्यांत सुमारे २ मिलिमीटर अंतर राहते. परतीचे वेढे पहिल्या थराला तिरके छेदतात आणि खालच्या दोरीला दाबून धरतात. त्यामुळे वरची दोरी खालच्या थरात रुतण्याचे प्रमाण कमी होते.

चराची वळणे हा यंत्रणेतील सर्वाधिक ताणाचा भाग आहे. वळणावर पॉलला थोड्याच अंतरात थांबून, फिरून उलट निघावे लागते. पॉल व दांडा या दोहोंची झीज प्रथम तेथेच दिसू लागते आणि बहुतेक बिघाडही कडी टोकाशी असतानाच प्रकट होतात.

## प्रकार

दांड्याला गती कोठून मिळते यावरून लेव्हलवाइंडचे दोन मुख्य प्रकार पडतात.

समकालिक लेव्हलवाइंड: यात दांडा दंतचक्रांद्वारे स्पूलशी कायमचा जोडलेला असतो. गळ फेकताना स्पूल उलट फिरते, तेव्हा कडीही सरकत राहते. दोरी ज्या जागेवरून सुटते तिच्या समोरच कडी राहात असल्याने दोरी फारशी तिरपी होत नाही. मात्र फेकीतील काही ऊर्जा कडी हलवण्यात खर्च होते आणि फेकीच्या वेगात झीजही अधिक होते. अनेक पारंपरिक गोल रिळांत हा प्रकार आढळतो.

विलग होणारा लेव्हलवाइंड: यात दांड्याला गती मुठीच्या अक्षाकडून मिळते. फेकताना मूठ फिरत नसल्याने कडी एका जागी स्थिर राहते. स्पूल हलके फिरते, परंतु दोरी स्पूलच्या कडेवरून सुटत असताना कडी दुसऱ्या कडेला असेल तर दोरी तिरपी घासत जाते. कमी उंचीच्या आधुनिक बेटकास्टिंग रिळांत हा प्रकार सामान्य आहे. घर्षण कमी करण्यासाठी काही उत्पादकांनी रुंद किंवा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची कडी वापरली आहे.

हा फरक बिघाड ओळखताना महत्त्वाचा ठरतो. विलग प्रकारात मासा ड्रॅगच्या विरोधात दोरी ओढून नेत असताना कडी स्थिर राहणे हा दोष नसून रचनेचा भाग आहे. समकालिक प्रकारात मात्र स्पूल फिरूनही कडी हलत नसेल तर बिघाड झाला आहे हे निश्चित होते.

## इतिहास

स्पूल मुठीपेक्षा अधिक वेगाने फिरवणारी रिळे अमेरिकेतील केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित झाली. पॅरिस या गावातील घड्याळजी जॉर्ज स्नायडर आणि त्यानंतर फ्रँकफर्ट येथील जोनाथन व बेंजामिन मीक हे बंधू या रिळांच्या आरंभीच्या कारागिरांत गणले जातात. ही रिळे अचूक असली तरी त्यांत दोरी अंगठ्यानेच पसरवावी लागे.

दोरी आपोआप पसरवण्याचे निरनिराळे प्रयत्न त्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर यांनी लेव्हलवाइंड रीळ तयार केले व १८९७ मध्ये आपला व्यवसाय सुरू केला. पुढे या व्यवसायाचे नाव शेक्सपिअर कंपनी म्हणून प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लेव्हलवाइंड हे बेटकास्टिंग रिळाचे नेहमीचे अंग बनले.

स्वीडनमधील स्वेंगस्टा येथे १९२१ मध्ये कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम यांनी स्थापन केलेली आबू ही कंपनी आरंभी घड्याळे व टॅक्सीमीटर बनवत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॅक्सीमीटरची मागणी घटल्यावर ती रिळांच्या निर्मितीकडे वळली. तिचे १९५२ मधील अँबॅसडर ५००० हे लेव्हलवाइंड असलेले गोल रीळ जगभर पोहोचले आणि त्याच धाटणीची रिळे आजही वापरात आहेत.

## बिघाडाची लक्षणे व कारणे

कडी एका टोकाला अडकते. हा सर्वांत सामान्य बिघाड आहे. वळणात साचलेली वाळू किंवा सुकलेले ग्रीस, एका बाजूने झिजलेला पॉल, अथवा टोपण अति घट्ट बसल्याने पॉलला फिरता न येणे ही त्याची कारणे असतात.

मूठ फिरते पण कडी हलत नाही. दांडा फिरत असेल तर पॉल तुटला आहे, पडला आहे किंवा टोपण सैल होऊन पॉल चरातून वर आला आहे. दांडाच फिरत नसेल तर दंतचक्राचे दाते तुटले आहेत, चाक दांड्यावर निसटते आहे किंवा क्लिप निघून चाके एकमेकांपासून दूर गेली आहेत.

कडी मध्येच उडी मारते किंवा दिशा बदलते. पॉलचे टोक आखूड झाले की ते छेदावरची मोकळी जागा नीट ओलांडू शकत नाही व चुकीच्या चरात शिरते. टोपण सैल असल्यासही असेच होते.

करकर आवाज येतो किंवा मूठ खरखरते. चरात वाळू, मिठाचे कण वा गंज असणे, बुश कोरडे पडणे अथवा दात्यांत कचरा असणे ही कारणे संभवतात. ठरावीक अंतराने येणारी टकटक बहुधा एखाद्या तुटलेल्या दात्याची किंवा दांड्यावरील एखाद्या खरवडीची असते.

दोरी एका बाजूला साचते. कडीचा प्रवास एका बाजूस अपुरा पडत असेल तर वळणात कचरा असतो किंवा जुळणीच्या वेळी एखादा वॉशर चुकीच्या बाजूस बसलेला असतो. कडीचा प्रवास पूर्ण असूनही दोरी साचत असेल तर स्पूल मध्यावर नसण्याची शक्यता असते.

फेकीचे अंतर घटते. समकालिक प्रकारात चरातील घट्ट ग्रीस हे त्याचे नेहमीचे कारण असते. मात्र स्पूलचे बेअरिंग, ब्रेक आणि दोरीची जाडी यांचाही परिणाम होत असल्याने केवळ या लक्षणावरून लेव्हलवाइंडला दोष देता येत नाही.

दोरी खरवडली जाते. कडीच्या अस्तराला तडा जाणे किंवा त्यात बारीक खाच पडणे हे कारण असते. कापसाचा बोळा अस्तरावरून फिरवल्यास तंतू अडकतात व खाच नेमकी कोठे आहे हे कळते.

## बिघाड शोधण्याची पद्धत

रीळ पूर्ण उघडण्यापूर्वी बिघाडाची जागा निश्चित करणे हितावह असते. अनावश्यक उघडझाप केल्याने स्क्रूची डोकी खराब होतात, लहान भाग हरवतात आणि मूळ दोषात नवीन दोषाची भर पडते.

प्रथम रीळ काठीपासून वेगळे करून गळ व शिसे काढून ठेवावे. मूठ अगदी सावकाश फिरवत कडीचे किमान दोन पूर्ण फेरे पाहावेत. अडथळा दर वेळी एकाच जागी येत असेल तर दोष दांड्यावर त्या जागी आहे. तो सर्वत्र सारखा जाणवत असेल तर दोष वंगण, बुश किंवा सळईत आहे. तो केवळ एका दिशेच्या प्रवासात येत असेल तर पॉलची एक बाजू किंवा त्या दिशेचा चर खराब आहे.

यानंतर पॉल काढून करावयाची चाचणी सर्वांत उपयुक्त ठरते. तिच्यामुळे कडी व दांडा एकमेकांपासून सुटे होतात आणि प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करता येते.

1. पॉल काढल्यावर कडी बोटाने इकडेतिकडे सरकवावी. ती अडखळत असेल तर सळई वाकलेली आहे, तिच्यावर मळ आहे किंवा चौकट पडल्याने दबली आहे.
2. कडी मोकळी सरकत असेल तर मूठ फिरवून दांडा पाहावा. खरखर कायम राहिल्यास दोष बुश, बेअरिंग किंवा दंतचक्रांत आहे.
3. कडी व दांडा दोन्ही मोकळे असतील तर दोष पॉलमध्ये, टोपणाच्या घट्टपणात किंवा चरात आहे.

तिसरी शक्यताच अधिक वेळा खरी ठरते, आणि तसे असेल तर रिळाचा मुख्य भाग उघडण्याची गरज सहसा भासत नाही.

## दुरुस्ती

### साहित्य

योग्य मापाचे लहान स्क्रूड्रायव्हर, चिमटा, जुना मऊ टूथब्रश, कापसाच्या काड्या, लाकडी दातकोरणे, भिंग, पातळ यंत्रतेल आणि हलके ग्रीस एवढे साहित्य पुरते. मळ काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा साबणाचे कोमट पाणी वापरता येते. ॲसिटोनने प्लॅस्टिकचे भाग व रंग खराब होतात. पेट्रोलची वाफ सहज पेट घेते, म्हणून ते टाळावे. काम उथळ ताटात पांढरे कापड अंथरून करावे, म्हणजे निसटलेला भाग दिसतो. काढलेला प्रत्येक भाग काढण्याच्या क्रमाने मांडून ठेवावा किंवा प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. वॉशरची संख्या आणि बाजू जुळणीत फार महत्त्वाची असते.

### पॉल काढणे व तपासणे

कडीच्या खालच्या बाजूचे टोपण योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने उघडावे. रीळ उलटे केल्यास पॉल आपल्या वजनाने बाहेर येतो. तो न आल्यास ग्रीस सुकलेले असते, अशा वेळी द्रावकाचा एक थेंब टाकून काही मिनिटे थांबावे. पॉल पक्कडीने ओढू नये, कारण त्याचे टोक नाजूक असते.

पॉल पुसून भिंगाखाली पाहावा. चांगल्या पॉलच्या टोकाची कमान दोन्ही बाजूंना सारखी, गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीची असते. टोक सुरीसारखे पातळ झाले असेल, एक शिंग दुसऱ्यापेक्षा आखूड असेल किंवा कड तुटली असेल तर पॉल बदलावा. झिजलेला पॉल घासून पुन्हा आकारात आणण्याचा प्रयत्न टिकाऊ ठरत नाही, कारण घासल्याने टोक आणखी आखूड होते व छेदावर चर चुकण्याची शक्यता वाढते. अनेक रिळांत पॉल हा दांड्यापेक्षा मऊ धातूचा असतो. महाग दांड्याऐवजी स्वस्त पॉल झिजावा, असा त्यामागील हेतू असतो. त्यामुळे पॉल बदलणे ही दुरुस्तीपेक्षा नियमित देखभाल मानली जाते.

### मळसूत्री दांडा साफ करणे

पॉल काढल्यावर दांडा जागेवर असतानाच चर बऱ्यापैकी साफ करता येतात. द्रावकात भिजवलेली कापसाची काडी चरात धरून मूठ फिरवल्यास काडी चराच्या वाटेने पुढे जाते. वळणातील मळ लाकडी दातकोरण्याने काढावा. सुई किंवा स्क्रूड्रायव्हरचे टोक वापरल्यास चरावर ओरखडे पडतात व पुढे तेच पॉलला झिजवतात.

खोल सफाईसाठी दांडा बाहेर काढावा लागतो. अनेक गोल रिळांत बाजूची तबकडी उघडल्यावर दांड्याच्या टोकाचे दंतचक्र व त्याला धरणारी क्लिप दिसते. क्लिप काढताना ती उडून जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताचे बोट किंवा कापड तिच्यावर धरावे. दांडा बाजूने ओढून घ्यावा व बुश, वॉशर आणि चाक यांचा क्रम नोंदवावा.

साफ केलेल्या दांड्याच्या चरातून नखाचे टोक फिरवावे. वळणे व छेद येथे नख अडकत असेल तर तेथे उभार कड किंवा खड्डा आहे. वरवरची खरवड धातू चमकवण्याच्या पेस्टने हलकेच घासून कमी करता येते. कानस मात्र वापरू नये, कारण चराची रुंदी वाढली की पॉल त्यात डगमगतो. मुलामा उडून आतला धातू उघडा पडला असेल, गंजाने खड्डे पडले असतील किंवा छेदावरील कडा गोल झाल्या असतील तर दांडा बदलणे आवश्यक असते. अशा वेळी पॉलही नवा घालावा. खराब दांड्यावर बसवलेला नवा पॉल लवकर झिजतो, आणि झिजलेला पॉल नव्या दांड्याच्या कडा खरवडतो.

### दंतचक्रे

प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते चांगल्या प्रकाशात एकेक करून पाहावेत. तुटलेला दाता, मध्यभागी गेलेला तडा किंवा चाक दांड्यावर सैल फिरणे यांपैकी काहीही आढळल्यास चाक बदलावे. तडा गोंदाने जोडल्यास तो ताणाखाली पुन्हा उघडतो. कडी अडकली असतानाही मूठ जोर लावून फिरवणे हे दाते तुटण्याचे प्रमुख कारण आहे. म्हणून चाक बदलण्यापूर्वी कडी का अडकली याचा शोध घेणे आवश्यक असते. तसे न केल्यास नवे चाकही त्याच कारणाने तुटते.

### पुन्हा जुळणी

दांडा, बुश, वॉशर व क्लिप उलट क्रमाने बसवाव्यात. दांड्यास पुढेमागे नाममात्र हालचाल असावी. हालचाल अजिबात नसेल तर दांडा जखडतो आणि फार असेल तर वळणावर धक्का बसतो. पॉलला तेलाचा थेंब लावून तो खोबणीत ठेवावा आणि बोटाने किंचित फिरवत राहावे. टोक चराच्या दिशेशी जुळले की तो स्पष्टपणे आत उतरतो. पॉल आत उतरण्यापूर्वीच टोपण आवळले तर टोक चराच्या कडेवर दाबले जाऊन तुटते. जुळणीतील ही सर्वाधिक आढळणारी व सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

टोपण आधी बोटाने बसवावे आणि मूठ सावकाश फिरवत कडी दोन्ही वळणांतून जाते की नाही हे पाहावे. त्यानंतर टोपण आवळून पुन्हा दोन्ही वळणे तपासावीत. आवळल्यावर कडी टोकाशी अडत असेल तर टोपणाखालील वॉशर हरवला आहे किंवा टोपण गरजेपेक्षा घट्ट झाले आहे.

समकालिक प्रकारात स्पूलवर दोरी असताना तबकडी उघडली असल्यास आणखी एक काळजी घ्यावी लागते. तबकडी बंद करण्यापूर्वी स्पूलवर दोरीचा शेवटचा वेढा जेथे आहे त्याच्या समोर कडी आणून ठेवावी, आणि कडीच्या प्रवासाची दिशाही वेढ्यांच्या दिशेशी जुळवावी. असे न केल्यास दोरी एका कडेवरून सुटते व कडी दुसऱ्या कडेला राहते. शंका असल्यास सर्व दोरी काढून पुन्हा गुंडाळणे अधिक सोपे असते.

शेवटी ओल्या कापडातून दोरी थोड्या ताणाने गुंडाळून पाहावी. बोटाने स्पूलच्या रुंदीवर स्पर्श केल्यास पृष्ठभाग सपाट लागावा. दोन्ही कडांना किंवा मध्यभागी उंचवटा जाणवल्यास कडीचा प्रवास आणि स्पूलची जागा पुन्हा तपासावी.

### सुटे भाग

पॉल, दांडा व दंतचक्रे वरवर सारखी दिसत असली तरी एका प्रारूपाचे भाग दुसऱ्यात बसतीलच असे नाही. एकाच नावाच्या रिळातही काळानुसार बदल झालेले असतात. म्हणून भाग मागवताना प्रारूपाच्या नावाबरोबर रिळावरील क्रमांक देणे आवश्यक असते. अँबॅसडर मालिकेत हा क्रमांक रिळाच्या पायाखालच्या बाजूस कोरलेला असतो. उत्पादकाच्या सुट्या भागांच्या आकृतीत प्रत्येक भागाचा क्रमांक आणि वॉशरची जागाही दाखवलेली असते.

## वंगण व देखभाल

मळसूत्री दांडा हा रिळाचा सर्वाधिक उघडा राहणारा फिरता भाग आहे. दोरीबरोबर येणारे पाणी, वाळू व शेवाळ थेट त्याच्यावर पडते. तेथे जाड ग्रीस भरल्यास ते कचरा धरून ठेवते आणि वाळूमिश्रित ग्रीस पॉलला कानशीसारखे घासते. त्यामुळे गोड्या पाण्यातील वापरासाठी पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरेसे मानले जातात. खाऱ्या पाण्यात तेल लवकर धुऊन जाते, म्हणून हलक्या ग्रीसचा अत्यंत पातळ थर देऊन जास्तीचे पुसून काढतात. पाणी विस्थापित करणारे फवारे ओलावा घालवण्यास उपयोगी असले तरी ते टिकाऊ वंगण नाहीत. ते वापरल्यानंतर तेल देणे आवश्यक असते.

समुद्रावरील वापरानंतर त्याच दिवशी रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराच्या फवाऱ्याने मीठ व वाळू आत ढकलली जाते. धुतल्यावर रीळ पुसून सावलीत वाळवावे, कडी दोन-तीन वेळा पूर्ण फिरवावी आणि मगच दांड्याला तेल द्यावे. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील दमट, खारी हवा न वापरलेल्या रिळातही गंज आणते. हंगाम संपल्यावर रीळ बंद ओलसर पिशवीत न ठेवता साफ करून हवेशीर जागी ठेवणे तेथे विशेष महत्त्वाचे ठरते.

## मर्यादा

लेव्हलवाइंडमुळे रिळात हलणाऱ्या भागांची व घर्षणाची भर पडते. जाड दोरीची मोठी गाठ अरुंद कडीत आपटते व फेक अडते. फार जड माशांसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य मोठ्या रिळांत आणि लांब फेकीच्या स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या रिळांत ही व्यवस्था नसते. तेथे दोरी अंगठ्याने पसरवण्याचे कौशल्य आवश्यक असते. लेव्हलवाइंड पाण्यावर असताना निकामी झाल्यास आणि पॉल काढून कडी मोकळी सरकत असल्यास, कडी हाताने इकडेतिकडे सरकवत दोरी तात्पुरती गुंडाळता येते. कडी अडकलेली असताना मूठ जोराने फिरवण्यापेक्षा हा उपाय रिळाच्या दृष्टीने सुरक्षित आहे.

## इतर यंत्रांतील वापर

दुहेरी चराच्या मळसूत्री दांड्याचे तत्त्व मासेमारीपुरते मर्यादित नाही. सूत व दोर गुंडाळणारी यंत्रे, तसेच जहाजांवरील तारदोरांचे विंच यांतही दोर ड्रमवर सारखा पसरवण्यासाठी याच तत्त्वावरील मोठ्या यंत्रणा वापरतात. आकार व भार वेगळे असले तरी झीज तेथेही प्रामुख्याने चराच्या वळणांवर होते, आणि चरात फिरणारा छोटा भाग वेळेवर बदलणे हाच दांडा वाचवण्याचा मार्ग असतो.

## हे सुद्धा पहा

* मासेमारी
* गळ
* मळसूत्र
* दंतचक्र
* वंगण